दारू सोडलेल्याचा सोबती

गावातील दारूचे दुकान बंद झाले की आपण भगिनी पेढे वाटतो. वाटावेतच. परंतु दुकानाला कुलूप लागले म्हणून पिणाऱ्याची दारू सुटत नाही, हे भोर-वेल्ह्याच्या घराघरांत ठाऊक आहे. बंदीचा इतिहास आपल्याला पाठ असतो. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पाठोपाठ १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पुढे तो बराच सैल झाला. आणि अलीकडे निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास दुकान बंद करण्याची सोय झाली. दारू सोडणाऱ्याला सोबत कोणी केली, हा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर-दलाल कामासाठी अ‍ॅक्रन शहरी गेला होता. काम फसले. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज कानी येत होते. या वेळी आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशीच बोलले पाहिजे, हे त्याने ओळखले. त्याने धर्मगुरूंना दूरध्वनी केले, आणि हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंनी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ घालून दिली. पंधरा मिनिटे बसायचे ठरवून आलेले डॉक्टर तासन्‌तास बसले! त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापनादिन मानतात. विल्सनची पत्नी लोईस हिने १९५१ साली अशा घरांतील माणसांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ ही संघटना उभी केली. १९५७ साली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ भारतात आली.

आपल्या पुण्यात हे काम रुजवले ते डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ‘गर्द’च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताबाईंनी व्यसनी माणसाला गुन्हेगार मानले नाही. जो बरा झाला त्यालाच त्यांनी संस्थेत कामाला घेतले. काल खाटेवर थरथरणारा आज नव्या रुग्णाच्या उशाशी बसू लागला. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे धाडस हेच. डॉक्टरला फसवता येते, बायकोला तर रोजच फसवलेले असते. पण सगळ्या थापा स्वतः मारून चुकलेल्याला कोण फसवणार? आणि दुसऱ्याला सांभाळता सांभाळता त्याचे स्वतःचेही पाऊल घट्ट होते.

रुग्णांच्या पत्नींसाठी त्यांनी ‘सहचरी’ गट सुरू केला. नवऱ्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घेणाऱ्या बायका तेथे प्रथमच आपसांत मोकळेपणी बोलल्या. कर्करोगाशी झगडतही अनिताबाई काम करीत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा उचलली.

आता आपल्याकडचे पाहू. वेल्हे तालुक्यातला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातला, एखादा गडी उपचार घेऊन वाडीवर परततो. चार दिवसांत लावणी, मग कोणाची हळद, मग जत्रा. “एका घोटाने काय होते रे?” असे म्हणणारे दहा भेटतात. “चल, माझ्याबरोबर चहा घे,” म्हणणारा एकही नाही. पाठपुराव्यासाठी पुण्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वेगळेच. त्यामुळे दोन खेपा होतात. तिसरी राहून जाते.

वास्तविक आपल्याच गावांतून दारू सोडून वर्षे लोटलेली माणसे आहेत. कोणती, ते बायकांना बरोबर माहीत असते! त्यांना महिन्यातून दोनदा संध्याकाळी बसायला जागा हवी, आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या घरच्या बायकांना. मंडळाचे सभागृह तेव्हा रिकामेच असते. येत्या कार्यकारिणीपुढे मी हा विषय लेखी ठेवीत आहे.