मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि कार्यकर्त्यांची गोपनीयता

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. ट्विटरवर जातीय भेदभावाचा आरोप करत अनेक आंबेडकरी-बहुजन तरुण तेव्हा मॅस्टोडॉनकडे वळले.

मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरचे जाळे. एका मालकाच्या मर्जीवर आपला आवाज अवलंबून राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण विकेंद्रित म्हणजे खासगी नव्हे. कंपनीवरचा विश्वास इथे सर्व्हर चालवणाऱ्या अ‍ॅडमिनवर टाकावा लागतो, एवढाच फरक.

मेसेज कोण वाचू शकतो?

मॅस्टोडॉनच्या खासगी संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसते. पाठवणारा आणि घेणारा वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील, तर दोन्हींच्या अ‍ॅडमिनला ते पाहता येतात. संदेशात तिसऱ्याचे खाते @ चिन्हासह लिहिले, तर तो संदेश त्यालाही पोहोचतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच उल्लेख असा झाला, तर तक्रार थेट त्याच्या हातात पडते. ब्लूस्कायवर तर पोस्ट, लाइक, फॉलो आणि आपण कोणाला ब्लॉक केले, हे सारेच सार्वजनिक असते.

सर्व्हर जप्त झाला तर?

मे २०२३ मध्ये अमेरिकेत एफबीआयने 'कोलेक्टिव्हा' या चळवळीतल्या लोकांच्या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर छापा टाकला. प्रकरण सर्व्हरशी संबंधित नव्हते. तरीही जप्त उपकरणांत सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत होती. सभासदांचे ईमेल पत्ते आणि खासगी संदेशही तिच्यासोबत गेले. अ‍ॅडमिन आपल्या विचारांचा असला, तरी त्याचा संगणक सुरक्षित असेलच असे नाही.

डिलीट केले म्हणजे पुसले का?

पोस्ट इतर सर्व्हरवर पोहोचली की तिथे तिची प्रत राहते. डिलीट करण्याची सूचना तिकडे जाते. ती पाळली जाईलच याची खात्री नाही. स्क्रीनशॉट तर कोणीही काढू शकतो.

सर्व्हरच बंद पडला तर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या ताब्यातील अफगाणिस्तानच्या यंत्रणेने 'क्विअर डॉट एएफ' या सर्व्हरचे डोमेन बंद केले. सर्व्हर चालू असताना फॉलोअर नव्या खात्यावर नेता येतात. जुन्या पोस्ट नेता येत नाहीत.

काय करावे?

• सर्व्हर कोण चालवतो, कोणत्या देशातून आणि माहिती किती दिवस ठेवतो, हे खाते उघडण्याआधी वाचा.
• संघटनेच्या खात्यासाठी वेगळा ईमेल, वेगळा पासवर्ड आणि टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन वापरा.
• आपल्या डेटाची प्रत वेळोवेळी डाउनलोड करून ठेवा.
• आपल्या नावाचे खाते दुसऱ्या सर्व्हरवर कोणीही काढू शकतो. म्हणून अधिकृत खात्याचा पत्ता संघटनेच्या वेबसाइटवर जाहीर करा.
• बैठकीची जागा, साक्षीदारांची नावे, जातीचे दाखले, एफआयआरच्या प्रती इथल्या संदेशांतून पाठवू नका. त्यासाठी सिग्नलसारखे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेले अ‍ॅप वापरा.

निषेध, प्रचार, जाहीर चर्चा यांसाठी ही माध्यमे जरूर वापरावीत. मात्र अत्याचारग्रस्त कुटुंबाला त्याच गावात, आरोपींच्या शेजारी राहायचे असते. त्यांची माहिती बाहेर गेली, तर किंमत तेच मोजतात.