छांदिष्टांचे अग्निबाण

अग्निबाणांचा इतिहास सामान्यतः राष्ट्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक सरकारनें अमुक वर्षीं एवढा द्रव्यव्यय केला, अमुक सेनापतीनें मागणी केली, अमुक शास्त्रज्ञानें ती पुरी केली, आणि अखेरीस १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला, असा त्याचा क्रम असतो. तो खोटा नाहीं. पण अपुरा आहे. ह्या राजमार्गाच्या बाजूनें एक पाऊलवाट गेलेली आहे. ती तळघरांतून, परसांतील छपरांतून आणि मोटार ठेवण्याच्या खोल्यांतून जाते. दिवाळींत बाटलींत बाण उभा करून वात पेटविणारा मुलगा आणि चंद्रयान रचणारा शास्त्रज्ञ ह्या दोहोंच्या मधली जी मंडळी, तीं ह्या वाटेनें गेलीं. त्यांस छांदिष्ट म्हणावें. त्यांची हकीकत आम्ही येथें सांगूं इच्छितों, ती केवळ मौजेखातर नव्हे. ज्या जिज्ञासेच्या हातीं दारू आहे तिला समाजानें बांधून ठेवावें कीं मोकळें सोडावें, हा प्रश्न ह्या हकीकतीच्या पोटांत आहे. आणि त्याचें जें उत्तर जोडे विकणाऱ्या एका दुकानदारानें दिलें, तें विचार करण्यासारखें आहे.

आरंभींच्या अग्निबाणकारांपाशीं ना कारखाने होते, ना सरकारी मनुष्यबळ. रॉबर्ट गॉडर्ड हे प्राध्यापक होते खरे. पण द्रवरूप इंधनावर चालणारा जगांतील पहिला अग्निबाण १६ मार्च १९२६ रोजीं त्यांनीं उडविला तो अमेरिकेंतील ऑबर्न येथें, नात्यांतल्या एका बाईंच्या शेतांतून. तो अडीच सेकंद हवेंत राहिला, ४१ फूट उंच गेला आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यांत पडला. जर्मनींत १९२७ सालीं ब्रेस्लाउ शहरीं अंतराळप्रवासाच्या वेडानें भारलेल्या मंडळींनीं एक संस्था काढली. १९३० मध्यें तिच्यांतील रुडोल्फ नेबेल प्रभृतींनीं बर्लिनच्या बाहेर दारूगोळ्याच्या कोठाराचें एक पडीक आवार मिळविलें आणि त्यास ‘अग्निबाणांचा विमानतळ’ असें भारदस्त नांव दिलें. कॅलिफोर्नियांत पासाडिना येथें जॅक पार्सन्स, एडवर्ड फोरमन व फ्रँक मॅलिना ह्यांनीं ऑक्टोबर १९३६ मध्यें शहराजवळच्या कोरड्या नदीपात्रांत आपलें एंजिन तपासलें. ह्यांपैकीं पार्सन्स यांजपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. लहानपणापासून घरच्या परसांत दारू कालवून त्यांनीं आपली विद्या संपादन केली होती.

ह्या मंडळींचें पुढें काय झालें हें पाहिलें असतां मन खिन्न होतें. बर्लिनमध्यें माक्स व्हालिअर हे १७ मे १९३० रोजीं आपल्याच एंजिनाचा स्फोट होऊन मरण पावले. पार्सन्स हेही १७ जून १९५२ रोजीं घरच्या प्रयोगशाळेंत झालेल्या स्फोटानें गेले. जे वांचले त्यांतील पुष्कळांना सैन्यानें उचललें. बर्लिनच्या त्या आवारांत विद्यार्थी म्हणून येणारा व्हेर्नर फॉन ब्राउन १९३२ सालीं जर्मन लष्कराच्या सेवेंत शिरला. बारा वर्षांनंतर त्याच्या हाताखालीं तयार झालेले अग्निबाण लंडनवर पडूं लागले, आणि ते बांधतांना छळछावण्यांतील हजारों कैदी प्राणांस मुकले. अशा रीतीनें छांदिष्टापुढें दोनच वाटा दिसत होत्या: एकट्यानें घरीं प्रयोग करून हातपाय गमवावे, किंवा सरकारच्या आश्रयास जाऊन आपला छंद रणदेवतेच्या पायीं वाहावा. तिसरी वाट कोठें आहे हें शास्त्रज्ञांस सुचलें नाहीं.

ती नेब्रास्का प्रांतांतील नॉरफोक नांवाच्या लहानशा गांवीं सांपडली. तेथें ऑर्व्हिल कार्लाइल ह्यांचें जोड्यांचें दुकान होतें, व शोभेच्या दारूकामाचा त्यांस मोठा नाद होता. त्यांचे बंधु रॉबर्ट ह्यांस विमानांच्या प्रतिकृति करण्याचा छंद असून अग्निबाणाचें तत्त्व व्याख्यानांतून समजावून देण्याकरितां त्यांस प्रत्यक्ष उडणारें कांहींतरी हवें होतें. १९५४ सालीं एका भावाची दारू आणि दुसऱ्या भावाचें हलकें बांधकाम ह्यांचा संयोग झाला, आणि त्यांतून जो लहानसा बाण निर्माण झाला त्याचें नांव त्यांनीं ‘रॉक-अ-शूट’ असें ठेविलें. बाण व हवाई छत्री ह्या दोहोंच्या इंग्रजी नांवांचा तो समास आहे, आणि सारें मर्म त्या समासांतच आहे. दिवाळींतला बाण जातो तो परत येत नाहीं. जळकी काडी कोणाच्या कौलांवर पडेल ह्याचा नेम नसतो. कार्लाइल ह्यांचा बाण मात्र परत येण्यासाठींच वर जात असे.

त्याची रचना थोडक्यांत सांगतों. कागदाच्या जाड नळींत काळी दारू घट्ट दाबून भरलेली असते व तळाशीं मातीचें अरुंद मुख असतें. ती दारू जळून वायु वेगानें खालीं निघाला कीं बाण वर चढतो. तिच्यावर सावकाश जळणाऱ्या मिश्रणाचा एक थर असतो. तो जळत असतां धूर तेवढा निघतो, जोर लागत नाहीं, आणि बाण आपल्या वेगानेंच शिखर गांठतो. त्या थरानंतर चिमूटभर दारू वरच्या बाजूस भडकते, टोंकाचें टोपण उडवून देते, आणि आंत घडी करून ठेविलेली छत्री बाहेर पडते. एंजिन टाकून नवें घातलें कीं तोच बाण पुन्हां सिद्ध! येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. म्हैसूरच्या हैदर व टिपू ह्यांच्या ज्या बाणांनीं १७८० सालीं पोल्लिलूर येथें इंग्रजी फौजेची दाणादाण केली, त्यांचें बळ लोखंडी नळींत होतें. लोखंड अधिक दाब सोसतें म्हणून बाण दूर जातो. पण तेंच लोखंड घरीं फुटलें तर त्याच्या चिरफळ्या गोळ्यांसारख्या सुटतात. कागद फुटला तर फाटतो. दारू तीच, वेष्टन बदलतांच शस्त्राचें खेळणें झालें.

कार्लाइल ह्यांचा शोध कदाचित् त्यांच्या दुकानांतच राहिला असता. परंतु १९५७ च्या आरंभीं एका मासिकांत हॅरी स्टाइन ह्यांचा एक लेख आला. स्टाइन हे न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथील सरकारी अग्निबाण-क्षेत्रावर काम करीत असत, व त्या क्षेत्रावर अपघात होऊं नयेत म्हणून केवढी दक्षता घेतली जाते हें त्यांनीं लिहिलें होतें. तो वाचून कार्लाइल ह्यांनीं आपले नमुने त्यांजकडे धाडले. स्टाइन ह्यांनीं ते उडवून पाहिले, आणि जें औषध आपण शोधीत होतों तें हेंच, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्याच वर्षीं त्यांनीं असे बाण विकणारी एक कंपनी काढली व छांदिष्टांची एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन केली. ती ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ह्या नांवानें आजही चालू आहे.

औषधाची निकडही लवकरच भासली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला आणि अमेरिकेंतील गांवोगांवची मुलें अग्निबाणांच्या मागें लागलीं. हातीं येईल ती नळी, मिळेल ती रसायनें, आणि देखरेख करावयास कोणी नाहीं, असा प्रकार सुरू झाला व अपघात होऊं लागले. ह्यावर मुलांना हें सर्व सरसकट मना करावें असें म्हणणारे होते, तसेच मुलांचा हुरूप राष्ट्राच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांस मोकळीक द्यावी असें म्हणणारेही होते. स्टाइन ह्यांचें म्हणणें ह्या दोहोंहून निराळें पडलें: बाण घरीं करावा, पण एंजिन घरीं करूं नये. सारा धोका दारू कालवण्यांत व ठासण्यांत एकवटलेला आहे. तेवढें काम कारखान्याकडे द्यावें, बाकीचें सर्व मुलांचें.

पण हें साधण्यास एंजिनें पुष्कळ, स्वस्त आणि एकसारखीं मिळावयास हवींत. डेन्व्हर शहरीं शोभेच्या दारूचा धंदा करणाऱ्या घराण्यांतील व्हर्न एस्टेस नांवाच्या तरुणानें तें काम पत्करलें. दाबलेल्या हवेनें चालणारें एक यंत्र त्यानें बनविलें व त्याचें लाडकें नांव ‘मेबल’ ठेविलें. सुमारें साडेपांच सेकंदांस एक ह्या वेगानें तें एंजिनें भरीत असे. १९५९ सालीं तें चालूं लागलें, आणि १९६१ मध्यें एस्टेस ह्यांनीं आपला कारखाना कोलोरॅडोंतील पेनरोज ह्या गांवीं हलविला. संस्थेनें नियम ठरविले: बाण कागद, लांकूड व तत्सम हलक्या पदार्थांचा असावा, एंजिन कारखान्यांतीलच असावें व तें उकलूं नये, पेटविणें तें विजेच्या तारेनें, दुरून, आकडे उलटे मोजून सर्वांस सावध करावें, आणि परत येण्याची सोय नसेल तर बाण सोडूंच नये.

आतां कोणी म्हणेल, कीं एंजिन काढून घेतल्यावर मुलाच्या हातीं राहिलें काय? कागदाची नळी आणि डिंक! ह्या आक्षेपाचें उत्तर त्या छांदिष्टांच्या मेजावर पाहावयास मिळतें. बाण सरळ जावयाचा तर त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूपुढें निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. नाहीं तर तो कोलांट्या खातो. पंख मोठे करावे तर दाबाचा बिंदु मागें सरतो, पण वजन व हवेचा विरोध वाढतो. टोंकांत वजन घालावें तर तोल साधतो, पण उंची घटते. आरंभीं मुलें बाणाला तोल साधेल तेथें दोरी बांधून तो डोक्याभोंवतीं गरगर फिरवीत आणि त्याचें टोंक पुढें राहतें कीं नाहीं हें पाहत. १९६६ सालीं जेम्स बॅरोमन ह्या अभियंत्यानें दाबाचा मध्यबिंदु काढण्याचीं समीकरणें साध्या अंकगणितानें सुटतील अशा स्वरूपांत छांदिष्टांपुढें मांडलीं, आणि विमानविद्येंतील एक कठीण प्रकरण शाळकरी मुलाच्या वहींत आलें. एंजिनांच्या नांवांतही गणित आहे: पुढच्या प्रत्येक अक्षराबरोबर एकंदर जोराची कमाल मर्यादा दुप्पट होते. म्हणून विकतची पेटी आणून तींतले पंख कापून निराळे बसविणारा, दोन पेट्यांचा एक बाण करणारा, बाल्सा नांवाचें हलकें लांकूड घासतांना वेळेचें भान विसरणारा मुलगा हा नुसता खेळत नसतो. चूक झाली तर बाण पडतो, बोट तुटत नाहीं. आणि ज्या चुकीची किंमत परवडते तीच चूक शिकविते.

तथापि दुसऱ्या बाजूचा साक्षीदार बोलाविल्यावांचून हा निर्णय करणें न्याय्य होणार नाहीं. वेस्ट व्हर्जिनियांत कोलवुड ह्या कोळशाच्या खाणीच्या गांवीं होमर हिकम व त्याचे मित्र स्पुटनिकनंतर अग्निबाण करूं लागले. त्यांचा पहिला प्रयोग त्याच्या आईच्या बागेच्या कुंपणावर बेतला. पुढें त्यांनीं जस्ताची भुकटी व गंधक ह्यांचें इंधन आणि पोलादी नळ्या वापरल्या. म्हणजे स्टाइन ह्यांच्या नियमांतील मुख्य कलमच मोडलें. तरीही १९६० सालीं राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शनांत ते सन्मानित झाले, व हिकम पुढें नासा संस्थेंत अभियंता झाला. मग नियम व्यर्थ होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ह्या मुलांच्या पाठीशीं फ्रीडा रायली ह्यांच्यासारख्या शिक्षिका होत्या, खाणीच्या कारखान्यांतले कसबी कारागीर त्यांस मुखें कातून देत, आणि प्रयोगांस वस्तीपासून दूर असें कोळशाच्या कचऱ्याचें मैदान होतें. त्यांनीं छापील नियम मोडले असतील. पण ते निराधार नव्हते. जेथें असा आधार नसतो तेथें तो नियमानें पुरवावा लागतो, एवढेंच.

शिवाय मर्यादा घातल्यानें छंद खुरटला असेंही झालें नाहीं. ज्यांस मोठे बाण हवे होते त्यांनीं पायऱ्या बांधल्या: पहिल्या पायरीस एक ठराविक बाण उडवून सुखरूप परत आणावा, दुसरीस लेखी परीक्षाही द्यावी, तिसरीस आपली सारी रचना जाणत्यांपुढें तपासणीस ठेवावी. आणि सरकारनें मर्यादा ओलांडली तेव्हां ह्याच शिस्तीच्या जोरावर ते न्यायालयांत उभे राहिले. मोठ्या एंजिनांतील इंधनास सरकारी खात्यानें स्फोटक ठरविलें होतें. दोन संस्थांनीं २००० सालीं त्याविरुद्ध दावा लाविला. हें इंधन जळतें, स्फोट पावत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मार्च २००९ मध्यें न्यायालयानें तें वर्गीकरण रद्द केलें. पुढच्याच महिन्यांत, २५ एप्रिल रोजीं, ओहायोच्या स्टीव्ह ईव्हज् ह्यांनीं चंद्रावर माणसें नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाची घरीं बांधलेली एकदशांश आकाराची प्रतिकृति मेरिलँडमधील शेतांतून उडविली. ती ३६ फूट उंच व १६४८ पौंड वजनाची होती. ती ४४४० फूट वर गेली, आणि छत्र्यांच्या आधारानें खालीं उतरली.

जिज्ञासेला बंदी करणारे आणि तिला वाऱ्यावर सोडणारे, दोघेही एका अर्थानें तिचा भार टाळतात. एकानें दार लावलें कीं त्याचें काम संपतें, दुसऱ्यानें उघडलें कीं त्याचें. कार्लाइल, स्टाइन व एस्टेस ह्यांनीं मात्र तो भार उचलला. कामांतला नेमका कोणता अंश जिवावर बेतणारा आहे हें त्यांनीं वेगळें काढलें, तो जाणत्यांच्या हातीं दिला, आणि उरलेलें सर्व, म्हणजे कल्पना, गणित, हस्तकौशल्य व फजितीदेखील, मुलांच्या हातीं निःशंकपणें ठेविलें. ज्या घरांत मुलाच्या हातून सुरी काढून घेतली जाते त्या घरांत ही विद्या येत नाहीं. सुरी कशी धरावी हें जेथें शेजारीं बसून दाखविलें जातें, तेथें ती येते.