कादंबरी : एका शब्दाची जन्मकथा

परवा नातीची मराठीची वही चाळीत बसलो होतो. पाठांतरासाठी तिने वाङ्मयीन संज्ञा उतरून घेतल्या होत्या : कथानक, पात्रे, वातावरण, कादंबरी. प्रत्येकीपुढे एका ओळीची व्याख्या. "आजोबा, कादंबरीला कादंबरी का म्हणायचं?" तिने विचारले. तो प्रश्न वहीत नव्हता, म्हणूनच मला आवडला.

वाचकहो, कादंबरी हे मुळी एका मुलीचे नाव. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने संस्कृत गद्यात एक प्रदीर्घ प्रेमकथा रचली. तिची नायिका ही गंधर्वकन्या. ग्रंथ पुरा होण्याआधीच बाण वारला. तो त्याच्या मुलाने तडीस नेला. पुढे या वाङ्मयप्रकाराला हिंदीने व बंगालीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा'. मराठीने आणि शेजारच्या कानडीने मात्र या मुलीचेच नाव त्याला दिले. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ मद्य असाही आहे. मध्यरात्र उलटली तरी पुस्तक न सोडणाऱ्यांना तो सहज पटावा!

नाव राहिले, आतली माणसे मात्र बदलली. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. त्याचा विषय विधवांची दुःस्थिती. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते.

शाळकरी वयात मी ती आजोबांच्या बालविधवा बहिणीला वाचून दाखवीत असे. आम्ही त्यांना आत्याच म्हणत असू. यमूच्या केशवपनापाशी आलो, तेव्हा वाती वळणारे आत्यांचे हात थांबले. "हे लिहिणारा पुरुष होता म्हणतोस?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढं वाच."

बाणाच्या कादंबरीचा प्रियकर निष्प्राण होतो, पण शापाची मुदत सरताच पुन्हा उठतो. यमूच्या नवऱ्याला उःशाप नव्हता, आत्यांच्याही नव्हता. जुनी अद्भुतकथा आणि आधुनिक कादंबरी यांतला भेद मला त्या थांबलेल्या हातांनी शिकवला. व्याख्या मी नंतर पाठ केली.

हे सारे नातीला सांगितले. तिने वही मिटली, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आजोबा, ते पुस्तक आहे अजून तुमच्याकडे?"