पाच खुर्च्यांचे गणित: आबेल-गाल्वा यांचे बीजगणित संगणकशास्त्राच्या कामी कसे आले?

१/१५
शंभर मते आहेत. बहुमत ‘होय’ला आहे की नाही, एवढेच सांगायचे आहे. कोणते मत केव्हा पाहायचे याची यादी आधीच लिहून दिलेली आहे आणि एकच मत पुन्हापुन्हा पाहिले तरी चालते. अट एकच: मोजणाऱ्याच्या मनाला फक्त पाच अवस्था. यादी आवाक्याबाहेर लांब न होता हे जमेल का? १९८३ मध्ये जाणकारांचा अंदाज होता, नाही. तीन वर्षांत तो कोसळला, आणि त्यासाठी वापरलेले हत्यार दीडशे वर्षे जुने होते.

२/१५
त्या हत्याराची कथा समीकरणांपासून सुरू होते. वर्गसमीकरणाचे सूत्र शाळेतच भेटते. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची उकल सोळाव्या शतकातील इटालियन गणितज्ञांनी शोधली आणि १५४५ मध्ये कार्दानोच्या ‘आर्स माग्ना’ या ग्रंथातून ती जगापुढे आली. पुढची पायरी पाचव्या घाताची. तिथे अडीचशे वर्षे सगळे अडून राहिले.

३/१५
असे सूत्र असूच शकत नाही, हे प्रथम इटलीच्या रुफिनीने १७९९ मध्ये मांडले. त्याच्या सिद्धतेत मात्र एक दुवा निसटला होता. १८२४ मध्ये नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलने पूर्ण सिद्धता दिली. ती त्याने स्वखर्चाने छापली आणि छपाईचा खर्च वाचवण्यासाठी सहा पानांत कोंबली. १८२९ मध्ये क्षयाने तो गेला, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.

४/१५
नेमके कोणते समीकरण सुटते आणि कोणते नाही, याचे मर्म फ्रान्सच्या एव्हारिस्ट गाल्वाने उलगडले. उकलींच्या किमती बाजूला ठेवून त्याने त्यांच्या आपसांतील अदलाबदलींकडे पाहिले. मे १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेने विसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याचे लेखन लिऊव्हिलने १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. अदलाबदलींच्या अशा संचाला आज ‘गट’ म्हणतात.

५/१५
कल्पना अशी. एक अदलाबदल ‘अ’ करा, मग ‘ब’ करा, नंतर ‘अ’ उलटवा, मग ‘ब’ उलटवा. क्रमाने फरक पडत नसेल, तर सारे मूळ जागी परतते. पडत असेल, तर काही हालचाल शिल्लक राहते. या हालचालीला येथे ‘शेष’ म्हणू. सगळ्या शेषांपासून नवा गट बनतो. त्याचे पुन्हा शेष काढता येतात.

६/१५
चार वस्तूंच्या अदलाबदली २४. त्यांच्या शेषांचा गट १२ चा, त्याच्या शेषांचा ४ चा, आणि तिसऱ्या फेरीत काहीच उरत नाही. पाच वस्तूंच्या अदलाबदली १२०. पहिल्या फेरीत ६० उरतात. पण त्या ६० च्या शेषांतून पुन्हा तेच ६० मिळतात. कितीही फेऱ्या केल्या तरी हा गट झिजत नाही. पंचघाती समीकरणाला सर्वसाधारण सूत्र नाही, त्याचे कारण हेच.

७/१५
शतक उलटले. १९५० च्या दशकात क्लीनी, शुत्झेनबर्गे आदींनी मर्यादित अवस्थांच्या यंत्रांचा अभ्यास सुरू केला. यंत्राने वाचलेले प्रत्येक अक्षर त्याच्या अवस्था हलवते. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे हालचालींचे एक बीजगणित उभे असते. १९६५ मध्ये क्रोन आणि ऱ्होड्स यांनी दाखवले की असे कोणतेही यंत्र दोनच प्रकारच्या घटकांतून रचता येते: ज्यांचे आणखी तुकडे होत नाहीत असे ‘साधे’ गट, आणि एक छोटी स्मृतिकळ.

८/१५
याच ऱ्होड्सने १९६५-६६ च्या सुमारास मॉरर आणि क्रोन यांच्यासह आणखी एक गोष्ट सिद्ध केली: क्रमाने फरक पडणाऱ्या साध्या गटातील गुणाकारांतून तर्कशास्त्रातील कोणतेही ‘होय-नाही’ फलन घडवता येते. ६० चा तो गट या जातीतला सर्वांत लहान. किल्ली घडली होती. पण गुणाकारांची संख्या किती वाढेल, हा प्रश्न अजून ऐरणीवर आला नव्हता.

९/१५
तो प्रश्न १९७० च्या दशकात ऐरणीवर आला. ‘उत्तर मिळते का’ याबरोबरच ‘किती खर्चात मिळते’ हेही महत्त्वाचे ठरले. निक पिपेंजरने उथळ मंडलांचा अभ्यास केला. स्टीफन कुकने त्यांच्या वर्गाला ‘निकचा वर्ग’, म्हणजे एनसी, हे नाव दिले. त्याच्या पहिल्या पायरीत, एनसी-१ मध्ये, मते दुप्पट झाली तरी मंडलाची खोली ठरावीक थोड्या पायऱ्यांनीच वाढते. बहुमताचा प्रश्न या पायरीत बसतो.

१०/१५
दुसरीकडे आरंभीच्या मतमोजणीसारख्या, मोजक्या अवस्थांच्या आज्ञावल्यांचा अभ्यास चालू होता. शंभर मते सरळ मोजायची तर शून्य ते शंभर अशा १०१ अवस्था लागतात. पाचांत ते कसे मावणार? १९८३ मध्ये बोरोडिन, डोलेव, फिच आणि पॉल यांनी अंदाज मांडला की अवस्थांची संख्या बांधलेली असेल, तर बहुमतासाठी आज्ञावली अवाढव्य लांब व्हावीच लागेल. अंदाज वाजवी होता. तो खोटा होता.

११/१५
१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील परिषदेत एमआयटीचा विद्यार्थी डेव्हिड बॅरिंग्टन याने आपला निष्कर्ष मांडला: एनसी-१ मधील प्रत्येक प्रश्न पाच अवस्थांत सुटतो. पाच खुर्च्या गोलाकार मांडल्या आहेत आणि एक माणूस पहिल्या खुर्चीवर बसला आहे, असे समजा. शेवटी तो पहिल्याच खुर्चीवर असेल तर उत्तर ‘नाही’. हलला असेल तर ‘होय’.

१२/१५
‘दोन्ही मते होय आहेत का?’ हे असे तपासतात. पहिले मत होय असेल तर ‘अ’ फेरबदल करा. दुसरे होय असेल तर ‘ब’. पहिले होय असेल तर ‘अ’ उलटवा. दुसरे होय असेल तर ‘ब’ उलटवा. एक जरी मत ‘नाही’ असले, तरी सारे रद्द होऊन माणूस मूळ खुर्चीवर परततो. दोन्ही ‘होय’ असतील तरच शेष उरतो. ‘अ’ आणि ‘ब’ नीट निवडले, तर शेषही पाचही खुर्च्या फिरवणारा फेरा असतो. म्हणून हीच युक्ती तिच्याच पोटात पुन्हा वापरता येते. उत्तर उलटे करायचे असेल, तर शेवटी एक ठरावीक फेरबदल जोडला की पुरते.

१३/१५
प्रत्येक पातळीला लांबी चौपट होते. दहा पातळ्यांना १०,४८,५७६ आज्ञा. ही संख्या मोठी दिसते. पण मते दुप्पट झाली की खोली ठरावीकच वाढते, म्हणून लांबीही ठरावीक पटीनेच वाढते. स्फोट होत नाही. चार खुर्च्यांवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे शेष तिसऱ्या फेरीत संपतात. ज्या कारणाने आबेलला सूत्र नाकारावे लागले, त्याच कारणाने बॅरिंग्टनची आज्ञावली चालते.

१४/१५
परिणाम दूरवर पोहोचले. १९८८ मध्ये बॅरिंग्टन आणि तेरियां यांनी एनसी-१ च्या आतील लहान वर्गांचा नकाशा बीजगणिताच्या साहाय्याने रेखाटला. त्याच वर्षी किलियनने ही रचना गुप्ततेसाठी वापरली: लागोपाठच्या फेरबदलांमध्ये एकमेकांना रद्द करणारे यादृच्छिक फेरबदल घातले, तर आतले गणित झाकले जाते. आज्ञावलीचे अंतरंग लपवण्याचा जो प्रस्ताव सहा संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला, त्याच्या गाभ्यातही बॅरिंग्टनचे प्रमेय होते.

१५/१५
उलट बाजूचा प्रश्न मात्र उभाच आहे. ज्यांचे शेष काही फेऱ्यांत संपतात, असेच गट वापरले तर ‘सगळी मते होय आहेत का’ एवढे साधे काम तरी बेताच्या लांबीत होईल? बहुतेकांचा अंदाज आहे की नाही. तशी सिद्धता अजून कोणी दिलेली नाही. १९८३ च्या अंदाजाचे काय झाले, हे माहीत असल्यामुळे या प्रश्नावर काम करणारे सिद्धतेवाचून स्वस्थ बसत नाहीत.