बंदरपट्टीची गाडी, जंगलपट्टीची माणसं

जव्हार-मोखाड्याच्या मैत्रिणींनो, मावश्यांनो, आज रेल्वेची गोष्ट सांगणार आहोत. आपल्या दोन्ही तालुक्यांत रुळाचा तुकडासुद्धा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच, की गाडी पालघरला आली, डहाणूला आली, तिकडे कसाऱ्यालाही आली, मग आपल्यालाच का वगळली? त्याचं उत्तर दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्राच्या कडेने विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी गाडी गुजरातेत जाते. आपल्या दक्षिणेला दुसरी लाइन कसाऱ्यावरून घाट चढून इगतपुरीला जाते. आपण या दोन्हींच्या मधल्या डोंगरात. जव्हारची बाई गाडीसाठी साठ-पासष्ट किलोमीटर उतरून डहाणूला जाते, मोखाड्याची बाई खोडाळ्यावरून कसारा गाठते.

बंदरपट्टीची लाइन बांधली ती बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे नावाच्या इंग्रज कंपनीने. कंपनी १८५५ साली निघाली. माणसांची सोय हा तिचा पहिला हेतू नव्हता. गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात लवकर यावा आणि तिथून विलायतेला जावा, यासाठी पैसा लावला गेला. काम सुरतेच्या बाजूने सुरू झालं. १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला तुकडा उघडला आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली.

कंपनीचा इंजिनिअर कर्नल केनेडी हा सपाटीचा पुरस्कर्ता होता. घाट चढवण्यात पैसा घालू नका, किनाऱ्याने चला, असं त्याचं म्हणणं. किनाऱ्याला डोंगर नाहीत, पण खाड्या आहेत. वसईची खाडी, वैतरणेचं पात्र, पुढे दमणगंगा, नर्मदा. या चिखलात दगडी पाया टिकेना, म्हणून मळसूत्रासारखे आटे असलेले लोखंडी खांब फिरवत फिरवत तळात रुतवले आणि त्यांवर लोखंडी पूल टाकले. दुसऱ्या कंपनीने घाटच निवडला. कसारा ते इगतपुरी चढ इतका उभा, की आजही कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. एका कंपनीला खाडी परवडली, दुसरीला नाशिक-भुसावळकडे जायचंच होतं म्हणून घाट परवडला. जव्हारच्या पठारावर ना कापूस, ना मोठी बाजारपेठ. इथे चढून येण्याचं कारण कुणालाच दिसलं नाही.

गाडी आली नाही, पण तिने आपल्याकडचं न्यायला मात्र लगेच सुरुवात केली.

रुळाखाली लाकडाचे स्लीपर लागतात. मैलामागे शेकड्यांनी लागतात, आणि काही वर्षांत कुजले की पुन्हा नवे. देशभर रूळ पडू लागले तसं सरकारला जंगल मोजायची घाई झाली. गाडी मुंबईला पोचली त्याच १८६४ साली इंग्रजांनी वनखातं काढलं. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा आला, १८७८ साली आणखी कडक कायदा आला आणि राखीव जंगल हा शब्द आपल्या वाट्याला आला. कालपर्यंत जिथून मोळी आणायची, मोहाची फुलं वेचायची, तिथे गार्ड उभा राहिला. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं वेगळं संस्थान होतं, ते १९४८ साली भारतात विलीन झालं. पण रान राजाचं असो की सरकारचं, सागाला गिऱ्हाईक एकच होतं. लाकडाचे गाडे ठेकेदारांमार्फत खाली स्टेशनांकडे उतरू लागले.

लाकडामागून गवत गेलं. आजच्या मुलींना हे सांगितलं तर हसतात, की गवताचा काय धंदा! पण मुंबईत तेव्हा घोडागाड्या होत्या, दुधाचे तबेले होते आणि त्या जनावरांना चारा लागायचा. पावसाळा सरला की डहाणू, पालघर, उंबरगाव भागातली कुरणं कापायची, गवताच्या गाठी दाबून बांधायच्या आणि वॅगनमध्ये भरून मुंबईला पाठवायच्या. कुरण शेठचं, वखार शेठची, पैसाही शेठचा. विळा तेवढा वारल्यांच्या हातात. खावटी आणि लग्नाचं कर्ज फेडायला नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं शेठकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ तर फुकटच.

१९४५ साली हे थांबलं. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात काम करत होते. वारल्यांनी आधी वेठ बंद केली आणि मग गवत कापणीला हात लावायचं नाकारलं. मागणी साधी होती, पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मजुरी. पाचशे रत्तल म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलो. तेवढं कापायला किती वेळा वाकावं लागतं, हे ज्यांनी विळा धरलाय त्यांनाच कळेल. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यात जेठ्या गांगड होते. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात आहे, आपली एसटी त्याच्याच बाजूने जाते. लोक तरीही मागे हटले नाहीत आणि पुढे दर वाढवून घेतला. गवत कापलं नाही तर वॅगन रिकामी जाते आणि मुंबईतला तबेला उपाशी राहतो, हे संप करणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. आमच्या मते या लाइनच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं पान आहे, पण रेल्वेच्या इतिहासात ते सहसा सापडत नाही.

आता प्रवाशांकडे येऊ. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, सकाळी पावणेसातला. दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी, एवढंच. विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ साली. स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, जुन्या कंपनीची लाइन पश्चिम रेल्वेत गेली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवलीवर फक्त बायकांसाठी पूर्ण लोकल सुरू झाली. पण विरारच्या पुढे, आपल्या जिल्ह्यात, शटल आणि थांबतील तेवढ्या लांबच्या गाड्या यांवरच भागवावं लागे. लोकल डहाणूपर्यंत आली ती १६ एप्रिल २०१३ रोजी. विरारला लोकल मिळाल्यापासून डहाणूला मिळेपर्यंत १४६ वर्षं गेली. मध्ये अंतर किती? चौसष्ट किलोमीटर.

जाता जाता एक गंमत. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगाव रोड, या नावांत रोड का? गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, म्हणून. इथे उतरा आणि रस्त्याने गावाला जा, असा त्याचा अर्थ. त्या हिशेबाने आपल्या वाट्याला रोडच जास्त आला.

भाताची झोडणी आटोपली, दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची माणसं जगायला जातात. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर, वसई, भिवंडी, ठाण्याकडे. पुष्कळांना मुकादम ट्रकमध्ये घालून नेतो, कारण चार भांडी, दोन पोरं आणि तांदळाची पिशवी घेऊन एसटी आणि मग लोकल जमत नाही. मुकादमाचा ट्रक फुकट वाटतो, पण ते भाडं हिशेबाच्या वहीत उचल म्हणून चढलेलं असतं, हे जाण्याआधी विचारून घ्या. ज्या बाया आपल्या आपण जातात त्यांच्यासाठी सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. रेल्वेत तशी सवलत नाही. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना लांबच्या गाड्यांत निम्मी सूट मिळायची, ती मार्च २०२० पासून बंद आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. रोज किंवा दिवसाआड जाणं असेल तर सुट्या तिकिटापेक्षा महिन्याचा पास खूप स्वस्त पडतो. गाडीत त्रास झाला, पोर हरवलं, कुणी आजारी पडलं तर १३९ नंबर फिरवा.

सफाळे, केळवे, पालघरकडच्या बायांनी या गाडीवर संसार उभे केले आहेत. पहाटेच्या गाडीने भाजी, पानं, फुलं घेऊन मुंबईला जायचं आणि दुपारी परत यायचं. आपल्याकडच्या मोगऱ्यालाही दादरचा बाजार आहे. अडचण आहे ती स्टेशनापर्यंतची. मोगरा उन्हं चढायच्या आत खुडायचा असतो आणि लगेच खाली पोचायला हवा. एका बाईला गाडीभाडं परवडत नाही, दहा जणींच्या गटाला एक टेम्पो परवडतो. रेल्वे इथे आली नाही तरी एवढं आजही करता येईल.

आणि रेल्वे येणार का? डहाणू ते नाशिक लाइनची मागणी जुनी आहे, सर्वेक्षणाच्या बातम्याही येऊन गेल्या. खाली जिल्ह्यात तर कामांची रांग लागली आहे. विरार-डहाणू चौपदरी रूळ, मालगाड्यांची वेगळी लाइन, बुलेट ट्रेन, वाढवणचं बंदर. त्यांत कुणाची वाडी गेली, कुणाचं भात गेलं, हे तिकडच्या बायांना विचारा. आपल्याकडे गाडी यावी असं आम्हालाही वाटतं. दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला ती हवीच. पण गवताची गाठ नेणारी गाडी आणि माणूस नेणारी गाडी यांत फरक आहे, म्हणून कुठे स्टेशन होणार आणि तिथे पॅसेंजर थांबणार का, हे आधी विचारायचं. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावीच लागते. मोजणीची माणसं पाड्यावर दिसली तर कोणते गट नंबर मोजले ते लिहून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.