पावणेदोनाचं गणित

‘अडीच’ हा शब्द जरा उघडून पाहा. त्याचं मूळ ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दात आहे: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात, जबलपूरजवळच्या रूपनाथच्या शिलालेखात अशोक ‘अडीच वर्षं’ म्हणतो, तेही याच घराण्यातल्या शब्दानं. भाजी घेताना आपण सहज बोलतो तो अपूर्णांक सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही लोकांच्या तोंडी होता.

त्याचे भाऊबंदही असेच बोलके. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पाव भागासह. साडे म्हणजे ‘सार्ध’, अर्ध्यासह. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पाव कमी. साडेतीनाला तर ‘औट’ असा स्वतंत्र शब्द होता: चौथा अर्धा. प्रत्येक शब्दात एक बेरीज किंवा वजाबाकी दडलेली आहे.

पंतोजींच्या शाळेत यांचे पाढेच असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात त्यांच्यावाचून पान हलत नसे. सात आणे शेराची वस्तू अडीच शेर घेतली, तर सताची अडीचकी साडेसतरा, म्हणजे एक रुपया दीड आणा. हिशेब तोंडीच.

या शाळेचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. तिथे छडी होती, अर्थ न सांगता घोकंपट्टी होती आणि मुलींना, दलितांना दार बंद होतं. पण हे शब्द काही पंतोजींच्या मालकीचे नव्हते. शाळेची पायरीही न चढलेल्या बाजारातल्या बायकांनी ते तितकेच वापरले, टिकवले.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले, पुढे शेर जाऊन किलो आला. हिशेब सोपा झाला, ते बरंच झालं. पावकी-दिडकीचं काम संपलं आणि वर्गात अडीचाचं ‘दोन पूर्णांक एक छेद दोन’ झालं. शब्द मात्र बाजारातच राहिले.

आमच्या कोपऱ्यावर भाजीच्या गाडीशी आईला मदत करणारी चौथीतली एक मुलगी आहे. ऐंशी रुपये किलोचे टोमॅटो पावणेदोन किलो घेतले, की ती क्षणात एकशे चाळीस सांगते. कसं? दोन किलोचे एकशे साठ, त्यातून पाव किलोचे वीस वजा. रीत तिला शब्दानंच दिली: दोनाला पाव कमी. शाळेत मात्र तिचे अपूर्णांक ‘कच्चे’ आहेत.

गणिताला स्थानिक वारसा जोडायचा म्हटलं, की आपण वारली चित्रातले त्रिकोण मोजायला सांगतो, रांगोळीतली सममिती दाखवतो. छानच आहे ते. पण पोर जो वारसा जिभेवर घेऊन वर्गात येतं, त्याचं काय? फळ्यावर आधी ‘पावणेदोन’ लिहा. यात काय कमी आहे, कशातून कमी आहे, ते मुलांनाच विचारा. छेद आणि अंश त्यानंतर येऊ द्या. पाढे पुन्हा घोकायची काहीच गरज नाही. आपल्याला अपूर्णांक आधीपासून येतात, एवढं त्या मुलीला वर्गात कळलं तरी खूप झालं.