मंडळी : ज्यांचं घर सुटलं त्यांचं घर

मराठीत ‘मंडळी’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. सभेला जमलेले लोक ही मंडळी, लग्नाला आलेले पाहुणे ही मंडळी. ‘घरची मंडळी बरी आहेत ना?’ असं विचारलं की कुटुंबाची चौकशी झाली. जुन्या पिढीतला एखादा गृहस्थ ‘आमच्या मंडळींना विचारून सांगतो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ बायकोला विचारून. नव्या करारात ‘एक्लेसिया’ असा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ जमलेली सभा. मराठी प्रोटेस्टंट परंपरेत त्याला ‘मंडळी’ हा प्रतिशब्द रुळला. म्हणजे देवळाच्या इमारतीला जे नाव इतर भाषांत चिकटलं, ते मराठीत माणसांनाच राहिलं, आणि त्या नावात ‘घरचे लोक’ हा अर्थ आधीपासूनच होता.

आजच्या व्याख्यानात आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की हा अर्थ कितपत खरा ठरला. महाराष्ट्रातल्या १९व्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना भाऊ-बहीण म्हणण्याची रीत होती. ती नुसती उपासनेतली भाषा होती, की त्या भाऊपणानं खरोखर काही कामं केली?

आम्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना व्याख्येची खोड असते. कुटुंब म्हणजे प्रेम, अशी व्याख्या केली तर इतिहासात शोधायला काही उरत नाही, कारण प्रेमाच्या नोंदी दप्तरात राहत नाहीत. म्हणून आपण प्रश्न खाली जमिनीवर आणू. त्या काळी कुटुंब आणि जात मिळून माणसाची कोणती कामं करत? पाणी देणं, पंगतीला बसवणं, मुलामुलींची लग्नं जमवणं, विधवा-अनाथांना सांभाळणं, आणि शेवटी खांदा देणं. ख्रिस्ती झालेल्या माणसाची ही पाचही कामं एका दिवसात बंद पडत.

‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण नवरा-बायको वेगळे होण्यासाठी वापरतो. धर्मशास्त्रात मात्र तो पतित ठरलेल्या माणसाला वगळण्याचा विधी आहे. जिवंत माणूस मेला असं समजून नातेवाईक त्याच्या नावानं पाण्याचा घट फोडत किंवा उलथा करत. त्यानंतर त्याच्याशी बोलणं, बसणं, वारसा, सगळं संपलं. इंग्रजी कायद्यानं पुढे यातला एक धागा सोडवला. १८५०च्या २१व्या कायद्यानं धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही असं ठरलं. पण कायदा जमिनीचा वाटा देऊ शकतो, पंगतीत पाट मांडू शकत नाही.

हा पाट किती जड होता, हे मुंबईतल्या एका प्रकरणावरून कळतं. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अल्पवयीन, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. वरवर पाहता प्रश्न मिटला. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तिथे जेवला. आता त्याला जातीत कसं घ्यायचं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला, तेव्हा सनातन्यांनी मोठं वादळ उठवलं. कोर्टानं मूल परत दिलं तरी पंगत ते परत घ्यायला तयार नव्हती. आणि थोरला भाऊ नारायण? त्याच्यापुढे परतीचा रस्ताच नव्हता. त्याला जी माणसं मिळणार होती ती पुढच्या बाजूलाच मिळणार होती.

याच काळात मुंबईत आणखी एक मंडळी होती, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय आपला मुद्दा स्पष्ट होणार नाही. ही परमहंस मंडळी. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुखांपैकी. जातिभेद मोडायचा, ही तिची प्रतिज्ञा. पण सगळं गुप्तपणे. बैठकीत सभासद पाव खात, जातीला निषिद्ध असलेल्या हातचं पाणी पीत, आणि मग आपापल्या घरी जाऊन आपापल्या जातीच्या पंगतीला बसत. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी तरुणपणी या मंडळीचे सभासद होते. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तिची हकिगत येते. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं बाहेर पडण्याचं भय पसरलं आणि मंडळी विरून गेली.

परमहंस मंडळीतले लोक भित्रे होते असं म्हणून हा विषय संपवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. त्यांच्या मंडळीपाशी पाव होता, पण मुलीचं लग्न जमवायची सोय नव्हती, मेल्यावर खांदा द्यायला माणसं नव्हती. ज्या घरानं ही कामं करायची ते घर लपवूनच ते एकत्र येत होते. ख्रिस्ती मंडळीचा प्रवेशच उघड. बाप्तिस्मा चारचौघांसमोर होई, बातमी गावभर होई. नाव फुटण्याची भीती पहिल्याच दिवशी संपलेली असे. म्हणून या मंडळीला ती सगळी कामं अंगावर घ्यावीच लागली. तिच्यातला भाऊपणा गरजेतून आला, आणि गरजेतून आला म्हणूनच टिकला.

आता नगरला जाऊ. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली अहमदनगरला ठाणं केलं, १८३३ साली तिथे मंडळी स्थापन झाली, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागला. याच परिसरात पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. भोवती ख्रिस्ती वस्ती, आणि बाईंचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा काळ त्यांनी स्वतःची थट्टा करत सांगितला आहे. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. त्यांचा स्वतःचा विचार पुढे सरकत गेला, जात देवानं केली की माणसानं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि एक दिवस कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पाणी बदललं, मग धर्म.

नव्या करारातही हा प्रश्न ताटावरच उभा राहतो. अंत्युखियात पेत्र हा यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कडवे लोक आले, तेव्हा तो हळूच पंगतीतून मागे सरला. पौलानं त्याला सर्वांसमोर धारेवर धरलं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरही पौल संतापतो. येशूची आई आणि भाऊ त्याला बोलवायला आले, तेव्हा देवाच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्यांनाच त्यानं आपली आई आणि भावंडं म्हटलं, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. आजच्या वाचकाला ती सुंदर कल्पना वाटते. ज्याच्या नावानं घट फुटला आहे त्याला ती शब्दशः पत्त्यासारखी वाटली असणार.

पण आतापर्यंत आपण एकेकट्या आलेल्या, बहुतेक ब्राह्मण माणसांबद्दल बोललो. महाराष्ट्रातल्या मंडळीचा मोठा भाग असा आला नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून महार आणि मांग समाजातली माणसं घराघरांनी आली, १८७६-७८च्या दुष्काळानंतर तर मोठ्या संख्येनं. ‘पोटासाठी बाटले’ असा शिक्का त्यांच्यावर मारला गेला. उपाशी माणसाला जो जेवू घालतो त्याच्याविषयी विश्वास वाटणं यात हलकं काय आहे, हे शिक्का मारणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. या लोकांचे नातेवाईक सुटले नव्हते, ते तर बरोबरच होते. त्यांना मंडळीनं वेगळं काही दिलं: शाळा, आणि ज्या ताटापाशी त्यांना कधी कुणी बसू दिलं नव्हतं ते ताट. नारायण शेषाद्रींचं पुढे काय झालं ते इथे सांगितलं पाहिजे. ज्यांचं स्वतःचं घर सुटलं होतं, त्या या गृहस्थांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, ते मुख्यतः मातंग समाजातून आलेल्या कुटुंबांसाठी.

आणि ज्यांना आणायला नातंच उरलं नव्हतं, त्यांचं घर म्हणजे केडगावचं मुक्ती सदन. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. विधवा म्हणजे घरातलं ओझं, असं मानणाऱ्या समाजात विधवांनीच चालवलेलं एवढं मोठं घर उभं राहिलं.

इथपर्यंतची गोष्ट गौरवाची आहे. आता दुसरी बाजू. ही मंडळी कुटुंबाची कामं करू लागली, तशी कुटुंबाची दुखणीही तिला लागली.

पहिलं दुखणं मायबापांचं. शाळा, नोकरी, राहायची जागा, सगळं मिशनच्या आवारात आणि मिशनच्या पैशावर. मग मिशनरी हा भाऊ राहत नाही, घरचा कर्ता होतो. टिळकांना हे बोचत होतं. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ साली ते वारले आणि दरबार फार काळ चालला नाही.

दुसरं दुखणं जास्त खोल. पंगत एक झाली, सोयरीक झाली का? काही घरांत झाली. पण अनेक ठिकाणी लग्न ठरवताना पूर्वीची जात हळूच विचारली जात राहिली. धर्मांतरितांच्या स्थितीबद्दल लिहिताना डॉ. आंबेडकरांनी, ख्रिस्ती झाल्यावरही जात माणसाच्या मागे चर्चमध्ये येते, याकडे स्पष्ट बोट दाखवलं आहे. रोटीचा व्यवहार मंडळीनं जिंकला, बेटीच्या व्यवहारात ती अडखळली.

यामागचं कारण आम्हाला असं दिसतं. रक्ताच्या नात्याला भिंत आपोआप असते. कोण आपला, कोण परका, हे जन्मानं ठरतं. मंडळीचं नातं वचनाचं आहे. त्याला मुळात भिंत नाही, फक्त दार आहे. पण ज्यांनी एकदा घर गमावलं आहे त्यांना भिंतीची ओढ असते, आणि ती ओढ समजण्यासारखी आहे. दोन-तीन पिढ्या गेल्या की वचनानं जमलेली माणसं जन्मानं मंडळीत येऊ लागतात. बाप्तिस्म्यासाठी आजोबांनी घर सोडलेलं असतं, नातवाला तो घरातच मिळतो. तेव्हा मंडळी आणखी एक जात होऊन बसण्याचा धोका खरा असतो. टिळकांनी दरबाराला बाप्तिस्म्याची अटही घातली नाही, ती बहुधा ही भिंत त्यांना दिसू लागली होती म्हणून. पण परमहंस मंडळीचा अनुभव दुसऱ्या बाजूनं बजावतो, की जिथे कुणाची लग्नं जमत नाहीत, कुणाला खांदा मिळत नाही, असं नुसतं उघडं दार म्हणजेही घर नव्हे.

या दोन टोकांमध्ये मंडळीला दर पिढीत नव्यानं उभं राहावं लागतं. त्याची कसोटी साधी आहे आणि ती ख्रिस्ती मंडळीपुरतीच नाही. आपल्या वारकरी फडांना, सत्यशोधकांना, कामगार संघटनांना, कुणालाही लावून पाहावी. आमच्यात सगळे भाऊ-बहीण आहेत, असं कुणी म्हणालं की विचारावं: काल आलेल्या माणसाच्या घरी दुखणं आलं तर रात्री कोण जातं? त्याच्या मुलीचं स्थळ कोण बघतं? लक्ष्मीबाईंनी ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं, त्या दिवशी त्यांच्या मनात सिद्धांत किती होता कोण जाणे. पण त्या दिवसापासून त्या मंडळीतल्या झाल्या होत्या. वहीत नाव पुढे चढलं.

आज इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ या.